चंद्रप्रकाश राऊळ यांची मेंढेशिकार

मुलुंडच्या डोंगराला पाठ टेकून उभ्या असलेल्या ‘शैलगंधा’ सोसायटीत बिबट्या आला असता तर काहीच अडचण नव्हती. बिबट्याचं काय करायचं हे तिथे सगळ्यांना पाठ आहे. दिवे लावायचे, मुलांना आत घ्यायचं, सीसीटीव्हीचं फुटेज ग्रुपवर टाकायचं आणि कुणी ‘हे मागच्या वर्षीचं आहे’ म्हणालं की त्याच्याशी भांडायचं. बिबट्याला आपलं एक वळण आहे. तो येतो, बघतो, जातो. पण त्या मंगळवारी सकाळी चंद्रप्रकाश राऊळ ऑफिसला जायला खाली उतरला, तेव्हा त्याच्या गाडीच्या बॉनेटवर एक मेंढा उभा होता.

मेंढा म्हणजे तुमच्या-माझ्या डोळ्यांसमोर येतो तो लोकरीचा गोळा नव्हे. अंग तांबूस, पोट पांढरं, पाठीवर खोगिरासारखा फिकट पट्टा आणि कानांमागून गोल फिरून पुन्हा गालाशी आलेली जाडजूड शिंगं. चेहऱ्यावर निवृत्त न्यायाधीशाचा भाव.

“शुक् शुक्,” चंद्रप्रकाश म्हणाला.

मेंढ्याने त्याच्याकडे पाहिलं, पूर्ण विचार केला आणि बॉनेटवर थोड्या लेंड्या टाकल्या.

इथे पार्किंगबद्दल सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्याच्यावर उभं आहे. शैलगंधात इमारतीच्या पोटाखाली मोजक्या गाड्या मावतात. त्यातली चंद्रप्रकाशची जागा ही राजाची जागा. मध्ये खांब नाही, वर ठिबकणारा पाइप नाही. त्याच्या वडिलांनी ती चिठ्ठ्या टाकून जिंकली होती आणि घरात त्या चिठ्ठीला देवघरात जागा होती. बाकीच्यांच्या गाड्या बाहेर, उंबराच्या झाडाखाली. उंबरावर दिवसा कावळे आणि संध्याकाळी वटवाघळं अशा दोन शिफ्ट चालत. खजिनदार हर्षद नेनेची गाडी तिथे असायची. ती मूळची पांढरी आहे, असं तिच्या कागदपत्रांत लिहिलेलं आहे. हर्षदचा राऊळांच्या पार्किंगवर शाळेपासून डोळा होता. गाडी नव्हती तेव्हापासून. आणि चंद्रप्रकाशची बायको सुलक्षणा हिची स्कूटर गेटबाहेर, गटाराशेजारी. याबद्दल ती कधी काही बोलत नसे, आणि हे चंद्रप्रकाशला चांगलं लक्षण वाटे.

तिसऱ्या मजल्यावरची ऋतिका प्राणिशास्त्र शिकलेली. तिने मेंढ्याला चारी बाजूंनी पाहिलं.

“काका, हा मूफ्लॉन. परदेशातला रानमेंढा आहे. युरोपात डोंगरांत मोकळे फिरतात हे. तिकडे लोक परवाना काढून शिकारीला जातात यांच्या.”

“मग इथे कसा?”

“येऊरच्या बाजूला कुणा शेठने फार्महाऊसवर पाळला असणार. सुटला असेल.”

तेव्हापासून मेंढ्याचं नाव शेठ पडलं.

चंद्रप्रकाश हा जबाबदार नागरिक. त्याने आधी डोंगराकडच्या खात्याला फोन लावला. पलीकडच्या माणसाने प्रेमाने ऐकून घेतलं आणि विचारलं, “बिबट्या आहे का?”

“नाही. मेंढा.”

“मग पाळीव झाला. रस्त्याकडच्या खात्याला सांगा.”

रस्त्याकडच्या खात्यात घाग नावाचे गृहस्थ होते. “मेंढा घेतो ना आम्ही,” ते म्हणाले. “कोंडवाड्यात नेतो. फक्त कसला मेंढा?”

इथे चंद्रप्रकाशने खरं बोलण्याची चूक केली. “रानमेंढा.”

“अरेरे. मग रान आलं. डोंगराकडच्या खात्याला सांगा.”

पुन्हा पहिल्या खात्याने ‘आमच्या यादीत हे जनावर नाही’ म्हणून सांगितलं आणि वर ‘बिबट्या आला तर मात्र कधीही फोन करा’ अशी आपुलकीही दाखवली. चौथ्या फोनला घागांना दया आली.

“हे बघा, तुमच्या कंपाउंडात आम्ही पाय ठेवू शकत नाही. ती खासगी जागा. तुम्ही त्याला गेटच्या बाहेर आणून द्या. सार्वजनिक रस्त्यावर आला की तो आमचा. मग रान असो की पाळीव, मी बघतो.”

“बाहेर आणायचा कसा?”

“ते खासगी,” घाग म्हणाले.

बुधवारी सोसायटीची तातडीची सभा भरली. अध्यक्ष मधुकर जोगळेकर हे निवृत्त इंजिनिअर. जगात जे काही घडतं ते उपविधींत कुठे बसतं ते आधी बघायचं आणि मग घाबरायचं की नाही ते ठरवायचं, अशी त्यांची पद्धत. शेठने तोवर त्यांचा अडुळसा, गच्चीवरचा कढीपत्ता आणि दोन पायपुसणी संपवली होती. मागच्या भिंतीवरून उडी मारून तो पलीकडच्या मोकळ्या प्लॉटवर जाई, म्हणजे सार्वजनिक होई, आणि घागांना फोन लागेपर्यंत परत येऊन खासगी होई.

“कापा,” मागून कुणीतरी म्हणालं. “वडे-मटण करू.”

यावर सभेत उभी फूट पडली. अर्धी सोसायटी शाकाहारी. त्यांनी जीवदयेचा मुद्दा मांडला. उरलेल्या अर्ध्यांत मटणाला खोबरं भाजून घालायचं की कच्चं वाटून, यावरून आणखी दोन तट पडले. शेवटी ऋतिकाने ‘परदेशी असला तरी मारलात तर आत जाल’ असं सांगितल्यावर खोबरं मागे पडलं.

“मुद्दा जबाबदारीचा आहे,” जोगळेकर चष्मा पुसत म्हणाले. “नियम स्पष्ट आहे. पार्किंगमध्ये जे उभं असेल, त्याची जबाबदारी त्या सभासदाची. मेंढा राऊळांच्या जागेत उभा असतो.”

“अहो, मी उभा केला नाही त्याला.”

“नियमात ‘कुणी उभा केला’ असं म्हटलेलं नाही.”

हर्षद एवढ्याचीच वाट बघत होता. “चंदू, तुझे आजोबा शिकारी होते ना रे? दर कोजागिरीला ऐकतो आम्ही. वाघ मारायचे म्हणे.”

“रानडुकरं,” चंद्रप्रकाश ताठ होत म्हणाला.

“तेच ते. नातवाला एक मेंढा जड होऊ नये. का बंदुकीबरोबर हिंमतपण गावी ठेवलीत?”

चंद्रप्रकाशच्या दिवाणखान्यात आजोबांचा, म्हणजे भाऊ राऊळांचा फोटो होता. हातात बंदूक, एक पाय खडकावर, मिशा दोन्ही दिशांना. त्या फोटोला नमस्कार करून चंद्रप्रकाश वीस वर्षं ऑफिसात विम्याचे दावे नामंजूर करत आला होता. रक्त म्हणून काही असतं. तो उभा राहिला.

“रविवार संध्याकाळपर्यंत मेंढा गेटबाहेर गेला नाही, तर माझं पार्किंग हर्षदला.”

सभागृहात अशी शांतता पसरली, जी या आधी फक्त पाण्याची टाकी फुटली तेव्हा पसरली होती.

“इतिवृत्तात घ्या,” जोगळेकर म्हणाले.

मागच्या खुर्चीवर सुलक्षणा होती. तिने फक्त नवऱ्याकडे पाहिलं. बॉनेटवरून मेंढ्याने पाहिलं होतं तसंच.

गुरुवारी चंद्रप्रकाशने रजा टाकली. रजेचं कारण ‘कौटुंबिक’ असं लिहिलं, कारण ‘शिकार’ हा पर्याय त्यांच्या सिस्टिममध्ये नव्हता. क्लबहाऊसची बॅडमिंटनची जाळी घेऊन तो आणि वॉचमन धोंडिराम दोन बाजूंनी शेठवर चालून गेले. शेठ पळाला नाही. त्याने जाळी येऊ दिली, शिंगांवर नीट घेतली आणि ती घालूनच भिंतीपलीकडे गेला. संध्याकाळी तो जाळीसकट परत आला. नववधू येते तसा, हळूहळू. दुहेरीच्या उपांत्य फेरीचे चारही खेळाडू त्याच्या मागे हात जोडत फिरत होते.

शुक्रवारी हाकारा. रान उठवायचं तर आवाज हवा, हे चंद्रप्रकाशला रक्तातून माहीत होतं. त्याने सगळ्यांना आपापल्या खिडकीतून थाळ्या वाजवायला सांगितलं, म्हणजे मेंढा बिथरेल आणि गेटकडे पळेल. थाळ्या सुरू झाल्या. समोरच्या सोसायटीला वाटलं, काहीतरी आदेश आलेला दिसतो. त्यांनीही सुरू केल्या. मग त्यांच्या पलीकडच्यांनी. कारण कुणीच विचारलं नाही, ही आपल्या लोकांची शिस्त. तासाभराने भांडुपहून सुलक्षणाच्या बहिणीचा फोन आला, “अगं, आम्ही वाजवतोय, पण कशासाठी ते टीव्हीवर सांगत नाहीयेत.” एवढ्या गदारोळात शेठ तेवढा शांत झोपला. फार्महाऊसवर रोज लग्नाच्या वराती बघितलेलं जनावर ते.

शनिवारी सकाळी चंद्रप्रकाश खाली गेला तेव्हा पार्किंगमध्ये हर्षद उकिडवा बसून शेठला फुलकोबीचा पाला भरवत होता.

“हे काय रे?”

“भूतदया, यार,” हर्षद म्हणाला आणि खिशातून गाजर काढलं. त्याच्या दुसऱ्या हातात मोजपट्टी होती. पार्किंगची लांबी घेऊन झाली होती.

संध्याकाळी चंद्रप्रकाश आजोबांच्या फोटोखाली मान घालून बसला. त्याची आई, शकुबाई, समोर लसूण सोलत होती.

“आजोबा असते तर,” तो म्हणाला, “एका गोळीत काम झालं असतं.”

“खंयची गोळी?” शकुबाईने विचारलं.

“फोटोत बंदूक आहे ना.”

“ती फोटोवाल्याची, झिला. जत्रेक येय तो. बंदूक घेवन काढूचो काय लाकडाच्या मोटारीत बसान काढूचो, इतक्यांच विचारी. मोटारीक रांग होती.”

चंद्रप्रकाशने फोटोकडे पाहिलं. खडक जरा पुठ्ठ्यासारखा दिसू लागला.

“आणि रानडुकरं?”

“तुझो आजो रान उठवूक जाय. डबो वाजवीत पुढे. एकदा डुकर तेच्याच पाठी लागलो. हो पळता, डुकर पाठसून. पळत पळत सरळ वाडीत इलो. लोकांनी डुकर धरल्यानी. तेव्हापासून शिकारीक सगळे तेकाच पुढे धाडीत. राऊळाच्या पाठसून जनावर येता म्हणान.”

एवढं बोलून तिने लसणाची साल फुंकली. वीस वर्षांची कोजागिरी त्या सालीबरोबर उडाली.

“आधी का नाही सांगितलंस?”

“तू विचारलंस खंय? तू सांगत होतंस.” मग तिला लेकाची दया आली. “अरे, त्या जनावराच्या पाठी कित्या धावतास? मेंढरू ता. मेंढरू एकटां रवता काय? गावपळण कर.”

गावपळण म्हणजे काय, हे चंद्रप्रकाशला माहीत होतं. मालवणकडे काही गावांत काही वर्षांनी देवाचा कौल घेऊन सगळा गाव, अगदी गुरं-कोंबड्यांसकट, वेशीबाहेर जाऊन राहतो. तीन दिवस गावात चिटपाखरू नसतं.

“सगळी माणसां भायर गेली काय तां बसतला कोणासाठी?” शकुबाई म्हणाली.

ग्रुपवर सूचना गेली. जोगळेकरांनी ताबडतोब कळवलं की ही प्रथा उपविधींत बसत नाही. हर्षदने लिहिलं की एकविसाव्या शतकात हे शोभत नाही. प्रकरण तिथेच बारगळलं असतं, पण सुलक्षणाने एकच ओळ टाकली: ‘सगळेच बाहेर असल्यामुळे रविवारी संध्याकाळी कुणाच्याही घरी स्वयंपाक होणार नाही.’ बायकांचे अंगठे असे धडाधड आले की ठराव फोन खिशात ठेवायच्या आत पास झाला. फक्त तीन दिवसांचे तीन तास करण्यात आले, कारण एसी नेता येत नव्हते.

रविवारी पाच वाजता शैलगंधा निघाली. माणसांनी घराबाहेर पडताना काय घ्यावं, यावर मतभेद होते. कुणी फोल्डिंगच्या खुर्च्या घेतल्या, कुणी पोपट, कुणी माशांची अख्खी टाकी. जोगळेकरांनी सोसायटीचा शिक्का छातीशी धरला होता. गेटपाशी शकुबाईने नारळ ठेवला आणि गाऱ्हाणं घातलं.

“बा देवा म्हाराजा, ह्यो चार पायांचो पावणो हय येवन बसलो हा, तेका तेच्या वाटेक लाव रे म्हाराजा.”

“होय म्हाराजा,” कोकणातले सगळे म्हणाले.

“अनुमोदन,” जोगळेकर म्हणाले.

“आणि माझ्या झिलाचा पार्किंग तेच्याकडेच ठेव रे म्हाराजा.”

“होय म्हाराजा.” या वेळी आवाज थोडा कमी आला. बऱ्याच जणांच्या गाड्या उंबराखाली होत्या.

सगळे बाहेर पडून समोरच्या फुटपाथवर बसले. लिफ्ट बंद, पंखे बंद, कुकरच्या शिट्ट्या बंद. चंद्रप्रकाश एकटा रस्त्याच्या मधोमध उभा राहिला. घाग आपली पिंजऱ्याची गाडी घेऊन आले होते. धोंडिरामला सक्त हुकूम होता: मेंढा बाहेर पडला की गेट बंद, आणि आठ वाजेपर्यंत कुणासाठीही उघडायचं नाही.

शेठ बॉनेटवर उभा होता. त्याने इमारतीकडे वर पाहिलं. मग रिकाम्या कट्ट्याकडे. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच त्याच्या मागे कुणी नव्हतं. तो खाली उतरला.

तेवढ्यात खांबाआडून पाल्याची जुडी हलली. हर्षद आत राहिला होता. “ये ये ये,” तो दबक्या आवाजात म्हणत होता. “शेठ, गाजर.”

शेठ थांबला. एकीकडे गाजर, दुसरीकडे समाज. फुटपाथवर कुणी श्वास घेईना, पोपटसुद्धा. शेठने गाजराचा वास घेतला, ते खाल्लं आणि मग गर्दीकडे चालत निघाला. तो गेटबाहेर पडला तसं धोंडिरामने गेट ओढून कडी घातली.

“अरे, मी आतच आहे,” हर्षद गजांमागून म्हणाला.

“आठ वाजता, साहेब,” धोंडिराम म्हणाला.

टाळ्या झाल्या. पण सरकारी कामात टाळी हा शेवट नसतो. शेठ पिंजऱ्याच्या फळीपर्यंत आला आणि थांबला. घागांनी ढकललं, ओढलं, चारा दाखवला. तो हलेना. चंद्रप्रकाश घाम पुसायला डावीकडे सरकला. शेठही डावीकडे सरकला. चंद्रप्रकाश उजवीकडे आला. शेठही आला.

“साहेब,” घाग विचारात पडून म्हणाले, “तो तुमच्या मागे येतोय. तुम्हीच चढा ना जरा. दोन मिनिटांचं काम.”

चंद्रप्रकाशने फुटपाथकडे पाहिलं. सगळी सोसायटी बघत होती. गेटच्या गजांमागून हर्षद बघत होता. चंद्रप्रकाश फळीवरून चढला. शेठ त्याच्या मागोमाग चढला, शहाण्या मुलासारखा. घागांच्या मदतनिसाने सवयीने दार लोटलं आणि खटका बसला.

“आता मला उतरवा,” चंद्रप्रकाश म्हणाला.

“तो खटका कोंडवाड्यावरच उघडतो, साहेब. मध्ये जनावर पळू नये म्हणून तशी सोय आहे.”

गाडी निघाली. शकुबाईने पदराने डोळे टिपले. “अगदी आपल्या आज्यार गेलो,” ती अभिमानाने म्हणाली.

कोंडवाडा चेंबूरला होता आणि त्या रस्त्याला प्रत्येक सिग्नल लागला. एका सिग्नलला बाइकवाल्याने हेल्मेटची काच वर करून विचारलं, “काय भाऊ, कुठल्या केसमध्ये आत?” चंद्रप्रकाशने एक हात गजाला धरला, दुसरा कमरेवर ठेवला, एक पाय चाऱ्याच्या पेंढीवर टेकवला आणि नजर क्षितिजावर लावली. माणसाने पिंजऱ्यात असतानाही बाहेर असल्यासारखं उभं राहावं. मागे शेठ उभा होता. तोही क्षितिजच बघत होता.

कोंडवाड्यावरच्या कारकुनाने चिठ्ठी वाचली. “मेंढे, नग दोन.”

“एक मी आहे,” चंद्रप्रकाश म्हणाला.

“ते दिसतंय हो. पण भरताना दोन नग लिहिलेत. आत आलेला नग मालकाच्या सहीशिवाय बाहेर सोडता येत नाही.”

“मीच माझा मालक.”

कारकुनाने त्याच्याकडे सहानुभूतीने पाहिलं. “लग्न झालंय ना?”

घागांनी येऊरला चौकशी करून आधीच कळवल्यामुळे तिथल्या फार्महाऊसचा मॅनेजर मोठी गाडी, ओळखपत्र आणि जनावराचे फोटो घेऊन हजर होता. शेठ आधी सुटला. त्याचे कागद पूर्ण होते. जाताना त्याने एकदा मागे वळून पाहिलं, चंद्रप्रकाश येतोय का म्हणून. चंद्रप्रकाश येऊ शकत नव्हता.

मग सुलक्षणा स्कूटरवरून आली. तिने हेल्मेट काढलं, गजांपलीकडे पाहिलं आणि कारकुनाला विचारलं, “न नेल्यास किती दिवस ठेवता?”

“सुलू,” चंद्रप्रकाश म्हणाला.

“विचारलं फक्त.”

“ओळखीची खूण?” कारकून लिहू लागला.

“घोरतो. दुसऱ्या हाकेला ओ देतो.”

“स्वभाव?”

“तसा गरीब आहे. सभेत शिंगं येतात.”

‘मालक’ लिहिलेल्या जागी तिने सही केली, पावतीची घडी करून पर्समध्ये ठेवली आणि नवऱ्याला मागे बसवून मुलुंडला आणलं. शैलगंधात आठ वाजून गेले होते. हर्षद सुटला होता आणि कुणाशी बोलत नव्हता. जोगळेकरांनी जाहीर केलं की मेंढा मुदतीत गेटबाहेर गेला आहे, सबब पार्किंग राऊळांकडेच राहील.

“एक शंका आहे, जोगळेकर काका,” सुलक्षणा म्हणाली. “पार्किंगमध्ये जे उभं असेल ते सभासदाचं, बरोबर?”

“बरोबर.”

“आणि सभासद कुणाचा?” तिने पावती पुढे केली.

जोगळेकरांनी चष्मा पुसला, पावती दोनदा वाचली आणि शिक्का शोधायला लागले. इतकं स्पष्ट कागदपत्र त्यांच्या कारकिर्दीत आलं नव्हतं.

आता खांब नसलेल्या, पाइप नसलेल्या त्या राजाच्या जागेत मधोमध एक स्कूटर उभी असते. उंबराखाली दोन गाड्या शेजारी-शेजारी असतात. सकाळी चंद्रप्रकाश आणि हर्षद आपापल्या काचा खरवडत असतात आणि वरून पहिली शिफ्ट चालू असते.

आजोबांच्या फोटोशेजारी शकुबाईने नवा फोटो लावून घेतला आहे. ग्रुपवर कुणीतरी टाकलेला. एक पाय पेंढीवर, हात कमरेवर, नजर दूर आणि मागे गोल शिंगांचा रानमेंढा. या कोजागिरीला आलेल्या पाहुण्यांनी लांबूनच विचारलं, “हे पण शिकारी का?”

“व्हय तर,” शकुबाई म्हणाली आणि त्यांना दुधाचे पेले देऊन तिथेच बसवलं. जवळ गेलं की दाराचा खटका बाहेरून लागलेला दिसतो.